प्रभूंच्या टाचेतला काटा

"तुम्हांला हे खरं वाटणार नाही," थेओनास म्हणाला आणि थांबला, कारण इथं थांबायचं असतं. त्या थांबण्यात त्यानं जिभेच्या टोकानं दाढेत अडकलेलं अंजिराचं बी पुन्हा एकदा चाचपलं. हललं नाही. सकाळपासून ते तिथंच होतं... मोहरीएवढंही नसेल, पण तोंडातल्या वस्तूचं माप बाहेरच्यासारखं थोडंच असतं. तोंडात त्याचा धोंडा झाला होता आणि शब्दांना त्याला वळसा घालून बाहेर यावं लागत होतं. "खरं वाटणार नाही, आणि मी तुमच्या जागी असतो तर मलाही वाटलं नसतं." हेही ठरलेलं. ह्या वाक्यावर निदान दोघंतिघं मान वर करतात. आज फक्त चिमण्या बोलल्या.

चिमण्या मोल्पसच्या होत्या. कारंज्याच्या पायरीच्या कडेला वेताचे पिंजरे एकावर एक रचून तो बसला होता, आणि ती जागा त्याचीच होती, थेओनास नवा होता. दुपारी वरच्या देवळाखालच्या गुहेपाशी लोक जमत. गुहेतून विषारी वाफ येते, तिच्यात चिमणी सोडली की तिथंच पडते, आणि मातेचा भगत मात्र आत जाऊन हसतमुखानं बाहेर येतो. रोजचं आहे, तरी लोक रोज बघतात. बघायला जाताना हातात चिमणी हवी, ती मोल्पसकडून घ्यायची. चिमण्यांवर बोलण्यासारखं थेओनासपाशीही काही होतं, पूर्वी असा पिंजरा दिसला असता तर त्यानं त्यावरच सकाळ काढली असती, एकेका पिसाचा हिशेब वर ठेवला जातो म्हणून सांगून मोल्पसलाही रडवलं असतं... पण आता तेवढं वाकायचं, पिंजऱ्याकडे बोट करायचं, पुन्हा ताठ व्हायचं. गुडघा. असू दे.

"म्हातारबा, उरका," मोल्पस म्हणाला. "दुपारी गुहेपाशी पोचायचंय लोकांना."

"लोकांना काय, तुला पोचायचंय."

"मला म्हणजे माझ्या पोरांना. तुमचं काय, तुमचं पोट वरून भरतं."

वरून भरतं! थेओनासला हसू आलं आणि ते गिळताना बी पुन्हा टोचलं.

काल रात्री ते वरून आलं की पोटातून, हे त्याला अजून ठरवता आलेलं नव्हतं. मेल्तिनेच्या माडीवर प्रभूंना मानणारी मंडळी जमली होती. मेल्तिने विधवा, तिच्या घरात लोकरीचे ढीग, त्या ढिगांना टेकून सगळे बसलेले, दिव्याला तेल कमी, आणि प्रार्थना चालू असताना त्याला भरून आलं, खरोखरच आलं, अंगावर काटा, जीभ जड, आणि तो मोठ्यानं म्हणाला की इथं ताट वाढा, ह्या गावात कोणी उपाशी आहे, त्याच्यासाठी ताट वाढा. म्हणाला आणि भानावर आला आणि मग त्याच्या लक्षात आलं. आत्म्याच्या भरात ज्यानं ताट मागितलं त्यानं त्यातलं खायचं नाही. खाल्लं तर तो खोटा संदेष्टा. नियम जुना, सगळ्या मंडळ्यांना ठाऊक. आणि इथं तर जास्तच, कारण गेल्या वर्षी आलेल्या एका प्रवाशाच्या आत्म्याला रोज संध्याकाळी भाजलेल्या कोकराशिवाय दुसरं काही दिसतच नसे. मेल्तिने उठली, मसूर, जवाची भाकरी, खारवलेला मासा असं आणून ठेवलं, कोपऱ्यावरच्या दोन भिकाऱ्यांना वर बोलावलं. ते जेवले. थेओनास भिंतीला टेकून त्यांचे घास पाहत राहिला. मासा चांगला होता असं त्यांच्या गालांवरून वाटत होतं.

सकाळी मेल्तिनेनं कोणाला दिसणार नाही असं एक अंजीर त्याच्या हातात दिलं होतं.

"स्वतःच्या हातानं उपास ओढवून घेतलात," ती म्हणाली. "जरा दम धरला असता तर मी तसंही वाढणारच होते."

"मी नाही बोललो. माझ्यातून बोलणं झालं."

"मग त्याला सांगा, पुढच्या वेळी जेवणं झाल्यावर बोल." सूत गुंडाळता गुंडाळता ती त्याच्याकडे पाहत होती. चांगली बाई. तिच्या माडीवर, लोकरीच्या ढिगात, चुलीचा धूर जिथून वर जातो त्याच्या शेजारी एक कोपरा होता. त्या कोपऱ्यात तो दोन रात्री निजला होता आणि दुसऱ्या रात्री, उपाशी असूनही, कण्हल्याशिवाय कूस वळता आली होती. "आज निघायचं म्हणा की तुम्हांला."

"निघायला हवंच."

प्रवासी उपदेशकानं एक रात्र राहावं, अडचण असली तर दुसरी. तिसरी राहिला तर तो आयतं खाणारा, खोटा. हाही नियम. राहायचंच असेल तर हाताला काम हवं.

"हातानं काय येतं तुम्हांला? ओनेसस विचारील आज."

"बोलता येतं."

"ते हातानं नव्हे, बाबा."

"लोकर पिंजायला शिकेन."

तिनं त्याच्या थरथरणाऱ्या बोटांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक आहे. ओनेसस म्हणत होता, प्रभूंना डोळ्यांनी पाहिलेला माणूस असेल तर गोष्ट वेगळी. असा माणूस मंडळीत राहिला तर त्याला काम कोण सांगणार? त्याला नुसतं जपायचं. तो काटा... ती तुमची काट्याची गोष्ट. ती कारंज्यावर सांगा म्हणतो तो. चार लोकांत. घरात काय, घरात कोणीही काहीही सांगतं. उघड्यावर टिकलं तर खरं."

उघड्यावर टिकलं तर खरं. ओनेसस, मंडळीचा वडील, लोकर दाबून नमदे करणारा, मोठ्या डोक्याचा, सावकाश बोलणारा, आता पाणी भरणाऱ्यांच्या रांगेच्या मागे हाताची घडी घालून उभा होता. दाढीत लोकरीचे तंतू. थेओनासनं पायरीवर चढतानाच त्याला पाहून घेतलं होतं. एवढी सकाळ, ही एक गोष्ट, आणि मग हिवाळाभर तो कोपरा... मग कदाचित पुढचाही हिवाळा, आणि मग निजलेला असतानाच, चुलीच्या उबेत, कोणाला फारसा त्रास न देता. नाहीतर आजच पुन्हा वहाणा, लावदिकीयेची वाट, तिथं दोन रात्री, कलस्सैला दोन रात्री, आणि मग तो घाट, जिथं ह्या दिवसांत वारा समोरून येतो.

माणसाला एवढं थकू देऊ नये. हे कोणाला सांगायचं?

त्यानं घसा साफ केला. रांगेत बायका होत्या, घडे होते. डोंगरातून कढत येणाऱ्या इथल्या पाण्यानं घड्यांच्या काठांवर पांढरं कीट चढतं, नव्या घड्यालाही वर्षात म्हातारा करतं. कोपरापर्यंत लाल हातांचे दोन रंगारी भिंतीला टेकले होते. एक गाढव होतं, ते ऐकत असल्यासारखं दिसत होतं. श्रोता धरायचा तर ज्याला हलता येत नाही असा धरावा, पाण्याच्या रांगेतला, न्हाव्याच्या हाताखालचा, असं त्याचा जुना सोबती योएल म्हणायचा. योएलनं एकदा तार्ससमध्ये न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेल्या एका सावकाराला बाप्तिस्म्यापर्यंत आणलं होतं. असं तो सांगायचा.

"आजोबा, तुमच्या देवाचं देऊळ कुठं आहे?" रांगेतल्या एकीनं विचारलं.

"देऊळ नाही."

"मग राहतो कुठं?"

"तुझ्या दाराशी उभा असतो, मुली."

"माझ्या दाराशी सासूबाई बसतात. त्यांना चुकवून आला तर बघू."

हसले सगळे. ह्यावर उत्तर होतं. सासूवर एक फार चांगलं उत्तर होतं, पेर्गाच्या बाजारात त्यानं ते दिलं होतं आणि सासवासुद्धा हसल्या होत्या, पण ते आता सुरुवातीच्या शब्दापर्यंत येऊन तिथंच बसलं, म्हाताऱ्या कुत्र्यासारखं. तो नुसता हसला. लोकांना तेही चाललं. माणसं बरी असतात, तुम्ही त्यांना दम दिलात तर बिघडतात. योएल कधी दम देत नसे. योएल थापा मारत असे.

योएल... किती वर्षं? एका उंटानं आपल्याला वाट विचारली होती आणि आपण ती चुकीची सांगितली, असं तो शपथेवर सांगे. आपली आई एकशे वीस वर्षांची होऊन वारली, आणि तीही पडल्यामुळे, असं सांगे. एके गावी आपण इतका वेळ उपदेश केला की ऐकायला आलेल्या एका तरुणाचं लग्न होऊन त्याचं मूलही ऐकायला येऊन बसलं... हे सगळं वाटेनं, ऊन टाळायला काढलेल्या सकाळच्या मजलांमध्ये, आणि मी... थेओनास मागे, दोघांच्या घोंगड्या खांद्यावर, ऐकत, हसत, कधी चिडत. गावात शिरल्यावर योएल बोलायचा आणि थेओनास राहण्याची सोय पाहायचा, पाणी आणायचा, कुठल्या दारावरचा कुत्रा चावरा आहे ते लक्षात ठेवायचा. आणि प्रत्येक गावात, बोलण्याच्या शेवटी, आवाज अगदी खाली आणून योएल काट्याची गोष्ट सांगायचा. आपण पोर असताना सरोवराच्या काठी प्रभूंच्या टाचेतला काटा आपण ओढला. एवढीच. तिच्यात ना कोणी मेलेला उठे ना वादळ थांबे. आणि लोक त्याच गोष्टीला रडत.

थेओनासनं कधी विचारलं नाही. विचारायचं काय? ज्याला उंट वाट विचारतो त्याच्या काट्याचं काय खरं मानायचं? थोडी वर्षं तो मनातल्या मनात रागावलाही होता, की पवित्र गोष्टीत तरी ह्या माणसानं थाप मारू नये. मग राग गेला. मग ती गोष्ट नुसती एक गोष्ट झाली, सोबत चालणारी, तिसरी प्रवासी.

अपामेयाच्या वरच्या डोंगरात, धनगराच्या खोपटात, दारापर्यंत बर्फ आलेलं असताना योएल गेला. जाताना मोठं काही बोलला नाही. वहाणा वाळल्या का, एवढं विचारलं. वाळल्या नव्हत्या. थेओनास वाळल्या म्हणाला.

त्यानंतर थेओनास बोलू लागला, कारण दुसरं काही येत नव्हतं, आणि शेवटी काट्याची गोष्ट सांगू लागला. आधी सरळ: माझ्या सोबत्यानं, म्हणजे योएलनं, लहानपणी... पण इकुन्याच्या बाजारात एका कुंभारानं विचारलं, मग तो सोबती कुठं आहे? वारला. वारला का, बरं, असं म्हणून कुंभार वळून गेला आणि त्याच्यामागे बाकीचेही गेले, जसं काही मेलेल्याला बघितलेलं मोजत नाहीत. पुढच्या गावी थेओनास म्हणाला, मी. त्या एका शब्दात असं काय होतं कोण जाणे. पण बाया जवळ सरकल्या, एका आजोबांनी त्याचा हात हातात घेतला आणि कपाळाला लावला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही असं नाही. लागली. गरम पाण्यानं पाय धुऊन दिले होते कोणीतरी. मुळातच जी थाप होती तिचा धनी बदलला, एवढंच तर झालं, आणि आधीचा धनी तक्रार करायला यायचा नव्हता. फक्त वयाचं जुळेना. त्या काळी पोर असायला त्याला दहा वर्षं कमी पडत होती. ती त्यानं लावून घेतली. दाढी पांढरी होतीच, चालीत थोडं वाकणं आणलं. आता ते आणावं लागत नव्हतं. कधी कधी त्याला वाटे, ती दहा वर्षं खरोखरच अंगावर आली आहेत.

"बंधू थेओनास," मागून ओनेसस सावकाश म्हणाला, "काट्याचं सांगा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. गावात ओनेससचं वजन होतं; ह्या कटकटीच्या नव्या देवाचा भक्त असला तरी नमदा पक्का देतो, असं लोक म्हणत.

"कसला काटा?" मोल्पसनं विचारलं.

"ऐक की," एक रंगारी म्हणाला.

थेओनासनं डोळे मिटले. डोळे मिटले की ते बरोबर येत असे. आवाज आपोआप खाली गेला, योएलचा जायचा तसा, आणि नेहमीप्रमाणे लोक पुढे सरकल्याचं त्याला वहाणांच्या घासण्यावरून कळलं.

"मी एवढासा होतो. बकऱ्या राखायचो, सरोवराच्या काठी. बोरीची झुडपं तिकडं फार, आणि काटे असे, वाकडे, आत गेले की वळून बसतात. दुपारची वेळ. वरून काही माणसं उतरत होती, आणि त्यांच्यामागे एकटे, लंगडत, ते. मला ठाऊक नव्हतं कोण आहेत. खडकावर बसले, वहाण काढली. म्हणाले, पोरा, तुझी नजर चांगली असेल, बघ रे काय आहे ते. मी टाच मांडीवर घेतली. टाचेला भेगा होत्या. आपल्यासारख्याच. धुळीच्या. आणि एका भेगेत तो काटा, खोल. मी वाकलो आणि दातांनी धरून ओढला. आणि ते म्हणाले... ज्यांनी हे डोंगर ठेवले, हे पाणी उकळवलं, ते म्हणाले, हळू रे."

इथं तो थांबला. इथं थांबावं लागत नाही, थांबणं होतं. एक म्हातारी पदर डोळ्यांना लावत होती. मोल्पसनं पिंजऱ्यावर घोंगडं टाकलं, चिमण्या गप्प व्हाव्यात म्हणून. ओनेससच्या छातीवरची हातांची घडी सुटली होती. झालं, थेओनासला वाटलं. कोपरा. चूल. आणि त्याबरोबर आतून एक असा शीण वर आला, जसा ओझं ठेवताना येतो, नेताना नाही. हे आता मरेपर्यंत सांगत राहायचं, दर आठवड्याला, त्याच माणसांना, त्याच माडीवर. हळू रे. हळू रे. मेलो तरी म्हणतील, ज्यानं काटा ओढला तो इथं पुरला आहे.

"दातांनी का?"

नळाच्या तोंडाशी एक बाई उभी होती. चाळिशी उलटलेली, रुंद, कोपरापर्यंत लाल, रंगाऱ्याच्या घरची. घडा भरून वाहत होता आणि तिनं तो काढला नव्हता.

"काय म्हणालीस, मुली?"

"हात होते ना? मग दातांनी कशाला?"

हे पूर्वीही विचारलं गेलं होतं. कुठं त्यानं हात माशांच्या खवल्यांनी बरबटले होते म्हटलं होतं, कुठं थंडीनं काकडले होते. "बकऱ्यांच्या घाणीचे हात," तो म्हणाला. "त्यांच्या पायाला कसे लावू?"

लोकांना पटलं. कोणी 'खरंय' म्हटलं.

"टाच तर मांडीवर घेतलीत म्हणता. ती काय पायांनी उचललीत?"

हशा झाला, पण लहानसा. मागून एकजण ओरडला, "तातिया, घडा उचल की, आम्ही काय संध्याकाळी पाणी भरायचं?"

"भराल. नदी आटली नाही अजून." तिनं घडा उचलला, पण कमरेवर घेतला आणि तिथंच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी आठवताना माणूस दिसतो तशी ती दिसत होती. "ही गोष्ट मी ऐकली आहे. आमच्या आईच्या घरी. मी इतकुशी होते. आईनं एकाला ठेवून घेतलं होतं ओसरीवर, ताप होता त्याला."

"तो कोण?" ओनेससनं विचारलं.

"योएल म्हणून होता."

बर्फातल्या त्या खोपटानंतर हे नाव थेओनासनं दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण एकट्यानंच ते जपलं आहे की एकट्यानंच पुरलं आहे, जे काही केलं ते... आणि इथं एक रंगाऱ्याची बायको ते नाव कमरेवरच्या घड्यासारखं सहज घेऊन उभी होती. तो तुमच्याकडे राहिला होता? म्हणजे माझ्या आधी. मी भेटायच्या आधी. तेव्हा तो तरुण असेल.

"त्याला हाताचं बोलू नका म्हणून आईनं बजावलं होतं आम्हांला," तातिया सांगत होती, आता ओनेससला नव्हे, सगळ्यांनाच. "पण मी विचारलं. पोर होते. उजव्याला अंगठा नाही, आणि डाव्या हाताची बोटं अशी आत मिटलेली, कधी उघडायची नाहीत. आई घास करून द्यायची त्याला."

हात. योएलचे हात. वीस वर्षं थेओनासनं त्याच्या वहाणांचे बंद बांधले होते, त्याची भाकरी मोडून दिली होती, आणि ह्या गोष्टीशी ते हात त्यानं कधी जोडलेच नव्हते, कारण हातांचं योएल दर वेळी निराळं सांगे. शिपायानं तोडला. जात्यात गेला. कुत्र्यानं नेला अंगठा, अजून परत आणला नाही. थापा. थापाच सगळ्या, म्हणून थेओनासनं विचारणं सोडलं होतं...

"जन्मापासूनचं होतं म्हणाला," तातिया म्हणाली. "मला खरं सांगितलं, लहान होते म्हणून असेल. म्हणाला, मला चिमटीत काही धरता यायचं नाही, म्हणून माझ्या पायातले काटे मी दातांनीच ओढायचो. पोरं हसायची. आणि त्या दिवशी तिथं दुसरी पोरं होती ना, चांगली, धडधाकट हातांची. ती धावली पुढे. तर ते त्यांना नको म्हणाले. ते म्हणाले, ह्याला ओढू दे."

घोंगड्याखाली एक चिमणी फडफडली आणि राहिली.

हा भाग थेओनासला ठाऊक नव्हता. एवढ्या वाटा, एवढी गावं, एवढ्यांदा ऐकलेली गोष्ट, आणि तिच्यात दुसरी पोरं होती, हे त्याला कधी सांगितलंच नव्हतं. ज्याच्यापाशी सगळ्या थापा मारल्या त्याच्यापासून योएलनं हे एवढं दडवून ठेवलं होतं... लाजेनं? की थेओनासनं कधी विचारलं नाही म्हणून? आणि दात. दातांना दर गावी नवं कारण शोधावं लागत होतं, कारण त्याच्या स्वतःच्या हातांत त्यांचं कारण नव्हतं. ते कारण दुसऱ्याच हातांत होतं. म्हणजे तो काटा... म्हणजे ती टाच, त्या भेगा... खरंच कोणाच्या तरी मांडीवर होती.

ओनेसस त्याच्याकडे पाहत होता. थेओनासचे दोन्ही हात उघडे, अंगालगत लोंबत होते, पुरे, दहाही बोटांचे. ते कुठं लपवावेत असं त्याला वाटलं नाही, ह्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग तो पोरगा तुम्ही नव्हे, बाबा," तातिया म्हणाली.

रांगेत कोणीतरी शीळ घातली. मोल्पस हसला असावा. ओनेससच्या तोंडून काहीतरी निघालं, थेओनास असंच असेल, पण ते ऐकू आलं नाही नीट. गुडघा वाकवत, पायरीला हात टेकत थेओनास खाली बसत होता, सगळ्यांत खालच्या पायरीवर, ओल्या दगडावर, जिथून बोलणाऱ्याकडे वर बघावं लागतं. वर तातिया होती, तिच्या कमरेवरच्या घड्यातून पाणी गळत होतं, आणि ती आता जायला वळेल अशी त्याला धास्ती वाटली. किती वर्षांत त्याला कोणाचं ऐकावंसं वाटलं नव्हतं.

"आणि मग?" तो म्हणाला. "मग काय म्हणाला तो?"